दोन मुठींची करवत

मित्रांनो, जरा बेतानं जवळ या. मी म्हातारी झाले असले तरी माझे दाते अजून चावतात.

मी एक जुनी करवत आहे. माझं पातं पाच फूट लांब आहे आणि त्याच्या दोन्ही टोकांना लाकडी मुठी आहेत. एकट्या माणसाला माझा काही उपयोग नाही. मला चालवायला समोरासमोर दोघं लागतात. दोन्हीकडून बोलणाऱ्या माणसाला लोक करवतीची उपमा देतात, जाताना कापते, येतानाही कापते. माझ्याबाबतीत ती उपमा नाही, तो माझा धंदाच आहे.

एका लोहारानं मला एका बंद पडलेल्या गिरणीतल्या पोलादी पट्टीपासून घडवलं. कानशीनं घासून त्यानं माझा एकेक दाता काढला. मग एक दाता किंचित डावीकडे वळवला आणि पुढचा किंचित उजवीकडे. "सरळ दात्यांची करवत लाकडात अडकते," तो गिऱ्हाइकांना सांगायचा, "आणि सरळ माणूस बाजारात."

मला विकत घेतलं एका लाकूडतोड्यानं. माणूस धिप्पाड, पण तोंडात मूग धरल्यासारखा गप्प. तो आणि त्याचा थोरला भाऊ मला चालवत. पुढे भावाच्या पाठीनं दगा दिला आणि तो मुलाकडे राहायला गेला. माझी दुसरी मूठ रिकामी पडली. लाकूडतोड्यानं दोन-तीन गडी लावून पाहिले, पण कुणाशी ताल जमेना.

त्याची एकुलती एक मुलगी तेव्हा सोळा वर्षांची होती. घरात तिला भिंगरी म्हणत, कारण तिच्या पायाला खरोखरच भिंगरी होती. जेवायला बसली तरी तिचा एक गुडघा हलत असे. एक दिवस तिनं न विचारता माझी दुसरी मूठ धरली.

"फक्त ओढायचं," बाप म्हणाला. "ढकलायचं नाही. तुझं ओढून झालं की हात सैल सोड. मग मी ओढेन. ढकललंस तर पातं वाकेल."

"आणि मी ओढतच राहिले तर?"

"तर मी तिकडे येईन."

त्या दिवशी दोघं खूप हसली. पाच वर्षं आम्ही तिघांनी मिळून काम केलं. मला खोटं बोलता येत नाही, म्हणून सांगते, ते दिवस मला फार आवडत. ओल्या भुशाचा वास, पात्याची सरसर, झाड कलू लागलं की दोघांनी एकदम मारलेली हाक. गावाच्या डोक्यावर एक टेकडी होती. पाच वर्षांत आम्ही ती जवळजवळ पूर्ण रिकामी केली. फक्त पलीकडच्या घळीतली झाडं वाचली, कारण तिथं दोन माणसांना उभं राहायला जागा नव्हती.

पाचव्या वर्षी पावसाळा सरत आला असताना, एका दुपारी टेकडीची एक बाजू खाली आली.

टेकडीच्या पायथ्याशी एक झरा होता. त्याच्या काठी लाँड्रीवाल्या मावशीची पत्र्याची खोली होती. ती दवाखान्याच्या चादरी आणि वसतिगृहातल्या मुलांचे कपडे धुवायची. चिखल त्या खोलीत शिरला. भिंगरीनं आणि शेजाऱ्यांनी हातांनी चिखल उपसून मावशीला बाहेर काढलं. मावशी वाचली, पण तिचा डावा पाय कायमचा अधू झाला.

भिंगरी घरी आली तेव्हा कोपरापर्यंत चिखलानं माखलेली होती. हातपाय न धुताच तिनं स्वयंपाकघराच्या भिंतीत एक जाड खिळा ठोकला आणि मला त्यावर टांगलं.

"बाबा, ही आता खाली उतरणार नाही."

"मग खायचं काय? पानं?"

"पानं यायला आधी झाडं लागतील."

दुसऱ्या दिवसापासून बाप वखारीत फळ्या रचायच्या कामाला जाऊ लागला.

मी भिंतीवरून तिची येजा पाहत असे. ती एका जागी अर्धा तास टिकत नव्हती. टेकडीची जमीन सरकारी होती, म्हणून ती कचेरीत गेली. तिथं काय झालं ते तिनं घरी येऊन अभिनयासकट सांगितलं. कारकून म्हणाला, "झाडं लावायला परवानगी लागते."

"तोडायला लागली नव्हती ती?"

"तोडायला होती ना. ती फाईल वेगळी."

ती रोज जाऊन कचेरीच्या पायरीवर बसू लागली. बाराव्या दिवशी साहेब वैतागून म्हणाले, "त्या बाईला काय हवं ते द्या, पण तिचा तो गुडघा थांबवा. बघून मला चक्कर येते."

परवानगी मिळाली आणि सरकारी रोपवाटिकेतून रोपंही मिळाली. सगळी एकाच जातीची. सरळ खोड, गुळगुळीत साल, निमुळती पानं. बघता बघता वाढणारी. भिंगरीला घाई होती आणि त्या झाडालाही घाई होती. दोघांचं चांगलं जमलं.

गल्लीतल्या तीस बायका तिच्याबरोबर उभ्या राहिल्या. लंगडत लंगडत लाँड्रीवाली मावशीही गेली. तीन उन्हाळे त्यांनी डोक्यावर पाणी वाहिलं. सहा वर्षांत टेकडी हिरवी झाली. दहा वर्षांत ती लांबच्या रस्त्यावरून दिसू लागली. भिंगरीची 'ताई' झाली. तिची संस्था निघाली, मग इतर गावांतही टेकड्या हिरव्या करायला तिला बोलावू लागले.

याच दिवसांत एक बातमीदार घरी आला. तो स्वयंपाकघरात पाणी प्यायला आत आला आणि त्याची नजर माझ्यावर पडली.

"ही करवत कुणाची?"

"बाबांची," ताई म्हणाली.

ते खरं होतं. पण अर्धंच. त्यानं पेपरात लिहिलं, 'बापानं टेकडी उजाड केली, लेकीनं हिरवी केली.' ते वाक्य लोकांना इतकं आवडलं, की पुढच्या प्रत्येक सभेत कुणी ना कुणी ते म्हणायचंच. टाळ्या पडायच्या, असं सभेहून आलेल्या बायका स्वयंपाकघरात सांगायच्या. ताई एक क्षण थांबायची, तिचा गुडघा हलायचा, आणि ती पुढच्या मुद्द्याकडे वळायची. मला वाटायचं, आज सांगेल. आज नक्की सांगेल, की दुसरी मूठ माझ्या हातात होती. तिनं सांगितलं नाही. बापानं सभांना जाणं सोडलं. त्यानं कधी तक्रार केली नाही. तो फक्त माझ्याकडे बघेनासा झाला.

मग मला संस्थेच्या सभागृहात नेलं. एका कार्यक्रमासाठी माझ्यावर रंगीत पानंफुलं काढली. माझे दाते रंगानं बुजले. खाली पाटी लावली. पाहुणे माझ्यासमोर उभे राहून फोटो काढून घेत. मित्रांनो, माझं कौतुक एवढं कधीच झालं नव्हतं, आणि मी एवढी अस्वस्थही कधी नव्हते. करवतीच्या पोटात अर्धी गोष्ट अडकली, की ती गंजापेक्षा वाईट खाते.

टांगल्याला वीस वर्षं होऊन गेली. एका कडक उन्हाळ्याच्या सकाळी लाँड्रीवाली मावशी सभागृहात आली. तिच्या खांद्यावर मळक्या चादरींचं गाठोडं होतं. ते तिनं ताईच्या टेबलावर, कागदांवरच, आपटलं.

"धू," ती म्हणाली.

"मावशी, काय झालं?"

"दवाखान्याच्या चादरी आहेत. कुठं धुऊ ते सांग. झरा आटला."

"उन्हाळा आहे. येईल पाणी."

"टेकडी बोडकी होती तेव्हाही उन्हाळे होते. झरा बारीक व्हायचा, पण मरत नव्हता. गेली चार वर्षं बघतेय, दरवर्षी लवकर आटतो. तुझ्या झाडांनी पिऊन टाकला तो."

ताई ताडकन उठली. "माझ्या झाडांनी? मावशी, तू स्वतः पाणी घातलंस त्यांना!"

"म्हणूनच बोलतेय. परक्यानं लावली असती तर गप्प बसले असते."

मावशी गाठोडं तिथंच टाकून निघून गेली. ताई रागारागानं येरझारा घालू लागली. चिटणीस हे निवृत्त शिक्षक होते, शांत डोक्याचे. ते म्हणाले, "ताई, लक्ष देऊ नका. वय झालंय त्यांचं." ताईनं मान हलवली, पण येरझारा थांबल्या नाहीत. दुपारी तिनं कुदळ घेतली आणि भर उन्हात ती एकटीच टेकडीवर गेली.

ती परत आली तेव्हा तिच्या दोन्ही मुठींत माती होती. एक मूठ तिनं टेबलावर उघडली. पिठासारखी कोरडी माती सांडली. "ही आपल्या झाडांखालची. हातभर खोल खणलं." मग तिनं दुसरी उघडली. तिचा गोळा झाला होता आणि त्यावर तिच्या बोटांचे ठसे उमटले होते. "ही घळीतली. तिथं चिमण्या बसल्यात. आपल्याकडे एक पाखरू नाही, चिटणीस. आपल्या झाडांखाली गवतसुद्धा उगवलेलं नाही. वीस वर्षं मी वर बघून खूश होत होते, खाली बघितलंच नाही."

पुढचे पंधरा दिवस ती झाडांची माहिती असणाऱ्या माणसांना भेटत फिरली. एका वनअधिकाऱ्यानं, एका विहिरी खोदणाऱ्यानं आणि एका कॉलेजातल्या बाईंनी तिला जवळपास एकच गोष्ट सांगितली. एका जातीची, घाईनं वाढणारी, दाटीवाटीनं लावलेली झाडं अशा जागी जमिनीतलं पाणी भराभर ओढून घेतात. दर तीन झाडांतली दोन काढावी लागतील. त्यांच्या जागी घळीत आहेत तसली, वेगवेगळ्या जातींची, हळू वाढणारी झाडं लावावी लागतील.

ताईनं सभा बोलावली.

मित्रांनो, ती सभा मी भिंतीवरून पाहिली. सभागृह गच्च भरलं होतं. अगदी मागच्या बाकावर तिचा म्हातारा बाप होता. त्याला कुणी आणलं कोण जाणे. ताईनं मनातलं सांगितलं मात्र, एकच गोंधळ उडाला.

किराणा दुकानदार उभा राहिला. "कालपर्यंत कुणी फांदी मोडली तर तुम्ही त्याचं मनगट धरत होता. आणि आज झाडं तोडा म्हणता?"

"लाकडाच्या ठेकेदारानं गाठलंय वाटतं," मागून कुणीतरी म्हणालं.

चिटणीस तिच्या कानाशी वाकले, पण मी जवळच होते. "ताई, पुढच्या महिन्यात तुमचा मोठा सत्कार आहे. निदान तोपर्यंत थांबा. हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण. गुपचूप थोडीथोडी काढू. चूक कबूल करायची काय गरज आहे?"

ताईचा गुडघा हलत होता. ती उभीच होती, तरीही हलत होता.

"चुकले," ती म्हणाली. मग आणखी मोठ्यानं म्हणाली, "मागच्या बाकावर ऐकू गेलं पाहिजे. मी चुकले. टेकडी लवकर हिरवी दिसावी म्हणून मी मिळेल ते झाड लावलं, आणि लावल्यावर फक्त मोजत बसले. आणि आणखी एक. बापानं उजाड केली, लेकीनं हिरवी केली, असं तुम्ही म्हणता. मी इतकी वर्षं ते ऐकून घेतलं. ही करवत दोन मुठींची आहे. तुम्ही रोज बघता. एकानंही विचारलं नाही, दुसरी मूठ कुणाच्या हातात होती. माझ्या. पाच वर्षं माझ्या हातात होती. बाबांनी ते कधी कुणाला सांगितलं नाही. मीही नाही. त्यांनी माझ्यासाठी सांगितलं नाही. मीही माझ्यासाठीच."

लोक एकेक करून उठून जाऊ लागले. चिटणीसही चष्मा पुसत निघाले. ताई खुर्चीवर चढली आणि मला खिळ्यावरून काढू लागली. चिटणीस दारातून वळले. "निदान ती तरी राहू द्या. ती संस्थेची ओळख आहे."

"ती करवत आहे, चिटणीस."

शेवटी सभागृहात तिघं उरली. ताई, मी आणि मागच्या बाकावरचा म्हातारा. तो हळूहळू पुढे आला. त्यानं अंगठा माझ्या दात्यांवरून फिरवला. वीस वर्षांनी.

"काय दशा केलीत हिची," तो म्हणाला. "दात्यांत रंग भरलाय. ही लोणी तरी कापेल का? आण इकडं. कानस कुठाय माझी?"

ताईनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"आता रडू नकोस," तो म्हणाला. "पात्याला ओल लागेल."

सात दिवस तो अंगणात बसून माझ्यावरचा रंग खरवडत होता. त्याचे हात कापत, म्हणून एकेका दात्याला तो फार वेळ घेई. धार पूर्वीसारखी आली.

पण तोडायला माणूस मिळेना. ताईच्या झाडांना हात लावायला कुणी गडी तयार नव्हता. ठेकेदार यंत्र घेऊन यायला एका पायावर तयार होता, पण त्याला सगळी टेकडीच हवी होती. ज्या दिवशी ताईचा सत्कार व्हायचा होता, त्या दिवशी ती मला खांद्यावर घेऊन टेकडीवर गेली. सत्कार अर्थातच रद्द झाला होता. संस्थेनंही तिच्या जागी चिटणिसांना बसवलं होतं. काढायच्या झाडांना तिनं चुन्याचे पट्टे ओढले होते. पहिल्या झाडापाशी ती उभी राहिली आणि माझी दुसरी मूठ मातीत टेकलेली होती.

पाऊलवाटेनं कुणीतरी लंगडत वर आलं.

"गाठोडं टाकून गेले होते तुझ्या टेबलावर," लाँड्रीवाली मावशी धापा टाकत म्हणाली. "चादरी कुणी धुतल्या?"

"मी. दूर नदीवर नेऊन."

"डाग निघाले नाहीत. सरक. कशी धरायची ही?"

"मावशी, तुझा पाय..."

"पायानं कापायचंय का?"

ताई हसली. फार दिवसांनी. "फक्त ओढायचं, मावशी. ढकलायचं नाही."

पहिलं झाड पडायला सगळी सकाळ गेली. मी त्या खोडात दोनदा अडकले आणि पाचर मारून मला सोडवावं लागलं. झाड पडलं तेव्हा ताई त्याच्यापाशी बसली आणि तिनं सालीवर हात ठेवला. ते लावायला खणलेला खड्डा तिला आठवत होता. मला वाईट वाटलं आणि त्याच वेळी पुन्हा कामाला लागल्याचा आनंदही झाला. दोन्ही खरं आहे.

हळूहळू माणसं आली. जुन्या तीस बायकांपैकी अकरा आल्या, मग दवाखान्यातली नर्स आली, मग एका सकाळी पातेलीभर चहा घेऊन किराणा दुकानदार आला आणि म्हणाला, "मी फक्त बघायला आलोय." दुपारपर्यंत तो खोडं ओढत होता. कापलेली खोडं त्यांनी उतारावर आडवी रचली, म्हणजे माती खाली येऊ नये. उरलेल्या बुंध्यांना पुन्हा कोंब फुटत. ते दर महिन्याला जाऊन मोडावे लागत. घळीतून बिया गोळा करून रोपं तयार केली. ती इतकी सावकाश वाढत, की पहिल्या वर्षी लोक हसले. या कामाला तीन उन्हाळे गेले.

चौथ्या उन्हाळ्यात मावशी पहाटेच ओरडत आली. झऱ्याच्या दगडातून पाणी झिरपत होतं. ताईनं बापाला हाताला धरून तिथं नेलं. त्यानं वाकून पाण्यात बोट घातलं.

"बोटभर आहे," तो म्हणाला.

"असू दे बोटभर."

"मी कुठं नको म्हणतोय?"

पुढच्या हिवाळ्यात म्हातारा गेला. झरा अजूनही भर उन्हाळ्यात बारीक होतो. काही वर्षी पंधरा दिवस थांबतोही. पण परत येतो.

आता मी टेकडीच्या पायथ्याशी, अवजारांच्या खोलीत राहते. माझे दाते झिजून निम्मे झालेत. ताईचे केस पांढरे झालेत आणि गुडघा दुखतो, तरी हलतोच. गेल्या आठवड्यात शेजारच्या गावातल्या टेकडीसाठी ट्रकभर रोपं आली. ट्रकवाल्यानं पिशव्या माझ्याच शेजारी उतरवायला सुरुवात केली. निमुळती पानं, सगळी एकसारखी. माझ्या पात्यात कंप भरला. मला ओरडता येत असतं तर ओरडले असते. तेवढ्यात ताई काठी टेकत आली. तिनं एक पान चोळून वास घेतला.

"हे परत चढव," ती म्हणाली.

"ताई, फुकट आहेत!" ट्रकबरोबर आलेला त्या गावचा कार्यकर्ता म्हणाला. "उद्या शंभर मुलं येणार आहेत लावायला. फोटोवाले येणार आहेत."

"मुलं येऊ देत. उद्या आपण त्यांना बिया गोळा करायला घळीत नेऊ. झाडं पुढच्या वर्षी लावू."

"मग उद्या फोटोत काय दाखवणार?"

"चिखलाचे पाय."

मित्रांनो, त्या शंभर मुलांत कदाचित तुम्हीही असाल. तुम्ही झाडं लावता, हे फार चांगलं आहे. पण रोप हातात घेतलं की विचारा, हे कुठलं झाड आहे, ते किती पाणी पितं, त्याच्या आसऱ्याला कोण येईल? लावून झालं की त्याला विसरू नका. दुसऱ्या वर्षी जा, सहाव्या वर्षी जा, विसाव्या वर्षीही जा. वर पानांकडे बघाच, पण गुडघे टेकून खालची माती हातात घ्या. आणि ती कोरडी निघाली तर मूठ झाकून घरी जाऊ नका. सगळ्यांसमोर उघडा.